शरभाच्या पायाखालचा हत्ती

एकदा एक वृद्ध शिल्पी आपल्या शिष्याला घेऊन एका डोंगरी किल्ल्यावर कामाला गेला. किल्ल्याच्या धन्याने नुकतीच एक लढाई जिंकली होती, आणि लढाई जिंकलेल्या माणसाला सर्वांत आधी जे सुचते तेच त्यालाही सुचले. त्याने नवा दरवाजा बांधायला काढला. दरवाजाच्या डाव्या अंगाला, येणाऱ्याजाणाऱ्याच्या डोळ्यांत भरेल अशा जागी, त्याला आपले राजचिन्ह कोरून हवे होते. ते चिन्ह होते शरभ.

शरभ म्हणजे सिंहाचे शरीर, गरुडाचे पंख, आणि चेहऱ्यावर असा भाव, की आत येणाऱ्याला आपले काहीतरी चुकले आहे असे उगाचच वाटावे. आपल्याकडच्या जुन्या दरवाजांवर हा प्राणी पुष्कळ ठिकाणी बसलेला दिसतो. रानात मात्र तो कोणाला दिसल्याचे ऐकिवात नाही.

नेमकी हीच गोष्ट त्या शिष्याला छळत असे. त्याचे नाव हैबती. वय तिशीच्या घरात, पंधरा वर्षे गुरूजवळ काढलेली, हात चांगला बसलेला. पण जिथे जिथे असे अद्भुत जनावर कोरण्याची वेळ येई, तिथे तिथे तो छिन्नी खाली ठेवून गुरूला एकच प्रश्न विचारी.

"बाबा, असं जनावर कुणी बघितलंय का?"

एका देवळावर दोन डोक्यांचा पक्षी कोरताना त्याने हे विचारले, तेव्हा म्हातारा म्हणाला होता, "बघितलं असतं तर लोकांनी शिजवून खाल्लं असतं." एका तळ्याच्या काठी मकर कोरताना विचारले. अर्धा मासा आणि अर्धे कोणते तरी चतुष्पाद असलेला तो प्राणी पाहत म्हातारा म्हणाला, "मला काय विचारतोस, पाण्यात उतरून बघ." अशी उत्तरे ऐकून हैबती तेवढ्यापुरता हसे आणि पुन्हा कामाला लागे. पण प्रश्न जागच्या जागी राही. वाघ आहे, बैल आहे, नाग आहे, घोडा आहे. इतकी खरी जनावरे असताना राजांना आणि सरदारांना न जन्मलेलेच जनावर दारात का लागते, हे कोडे त्याला काही केल्या सुटत नसे.

किल्ल्याचा धनी नागोजीराव हा तसा दिलखुलास गृहस्थ. आवाज मोठा, हात सढळ, आणि स्वतःच्या पराक्रमाची गोष्ट दुसऱ्यांदा सांगताना पहिल्यापेक्षा रंगवून सांगण्याची हौस. शिल्पी आले त्या दिवशी तो स्वतः दरवाजापर्यंत खाली आला, भिंतीत बसवलेल्या काळ्या शिळेवर थाप मारली आणि म्हणाला, "शिल्पीबुवा, सिंहाचं अंग झोकदार हवं. पंख हवेत. आणि त्याच्या पुढच्या पंजाखाली एक हत्ती चिरडलेला हवा. खालच्या खोऱ्याचा हत्ती. बघणाऱ्याला तो ओळखता आला पाहिजे."

म्हाताऱ्याने मान डोलावली. हैबतीने मात्र खाली पाहिले, कारण खालच्या खोऱ्यातला हत्ती त्याच्या घरचा होता.

ते खोरे किल्ल्यावरून दिसत असे. तिथल्या देशमुखाचे निशाण होते पिवळ्या कापडावरचा हत्ती. ते निशाण चाळीस वर्षे ज्याने खांद्यावर वागवले तो सुभानजी म्हणजे हैबतीचा बाप. नुकत्याच झालेल्या त्या लढाईत खोरे हरले. देशमुख शरण गेला, निशाण नागोजीरावाच्या पायापाशी ठेवले गेले, आणि ते ठेवायला सुभानजीलाच पुढे जावे लागले. त्या दिवसापासून सुभानजी घराच्या ओट्यावर बसून राही आणि कोणाशी फारसे बोलत नसे. खोऱ्यातले चाळीस तरुण नागोजीरावाने आपल्या चाकरीत घेतले आणि त्यांना या नव्या दरवाजावरच पहाऱ्याला ठेवले. त्यामुळे हैबती कामासाठी बांधलेल्या बांबूच्या परांचीवर चढला, की खालून कोणीतरी भालदार हळूच विचारी, "काय हैबतीदादा, बरं हाय न्हवं?" त्या विचारण्यात आपुलकी होती आणि आणखीही काहीतरी होते.

काम सुरू झाले. गुरूने सिंहाचा चेहरा स्वतःकडे घेतला आणि पंख, शेपूट आणि खालचा हत्ती हैबतीला दिला. पंख झाले. शेपूट झाले. सिंहाच्या पंजाखाली हत्तीसाठी राखलेला दगड मात्र गोळ्यासारखा तसाच राहिला. हैबती गेरूने त्याच्यावर रेघा ओढी आणि ओल्या फडक्याने पुसून टाकी. दर दोन दिवसांनी तो दगडात काहीतरी दोष काढी, कधी शीर, कधी पोकळी. तो दगड निर्दोष होता हे गुरूलाही दिसत होते, पण तो आपले सिंहाचे काम करत राही.

अशात एके दिवशी खोऱ्यातून बांबूच्या मोळ्या घेऊन एक माणूस वर आला. मोळ्या टाकून झाल्यावर त्याने हैबतीला बाजूला घेतले.

"तुझ्या आबांचा निरोप हाय," तो म्हणाला. "म्हणालं, आपला हत्ती त्याच्या पायाखाली कोरलास, तर पुन्हा घरच्या उंबऱ्यावर पाय ठिवू नगंस. म्हणालं, येकदा मी माझ्या हातानं ठिवला त्याच्या पायाशी. दुसऱ्यांदा माझ्या पोराच्या हातानं नगं."

हैबती त्या संध्याकाळी जेवला नाही. बाप असे बोलला याचे त्याला दुःख झाले, पण त्याहून अधिक दुःख याचे झाले की बापाचे खरे होते. त्याने सारे गुरूला सांगितले.

"बाबा, हत्ती मला जमायचा नाही. दुसऱ्या कुणाला द्या. नाहीतर तुम्हीच करा."

"मी केला तर तुझे आबा तुला घरात घेतील?"

"नाही घ्यायचे. तुमचा हात म्हणजे माझाच हात, असं म्हणतील."

"मग?"

"मग आपण काम सोडून जाऊ."

"जाऊ की," म्हातारा म्हणाला. "दुसरा शिल्पी येईल. तो बऱ्यापैकी चिरडलेला हत्ती कोरील. तुझ्या गावची माणसं त्याच दारातून आत येतील, तीच चाळीस पोरं त्याच्याच खाली उभी राहून पहारा करतील. तुझा हात तेवढा स्वच्छ राहील." एवढे बोलून तो उठला. "झोप आता. सकाळी बघू."

सकाळी हैबती दरवाजापाशी आला, तो तिथे भलतेच चालले होते. गुरू परांचीवर चढला होता. सिंहाचा चेहरा, ज्याच्यावर म्हाताऱ्याने पुरता एक महिना घालवला होता, ज्याच्या मिशीचा एकेक केस त्याने वेगळा काढला होता, तो चेहरा त्याने जाड छिन्नी आणि मोठा हातोडा घेऊन फोडायला सुरुवात केली होती. नाक आधीच गेले होते. जबड्याचे तुकडे खाली पडत होते. पहाऱ्यावरची माणसे मागे सरकून तोंडे उघडी टाकून पाहत होती.

"बाबा! अहो काय चालवलंय हे!" हैबती शिडीवरून धडपडत वर गेला. "पंधरा दिवसांत सरकार बघायला येणार!"

"म्हणूनच लवकर सुरू केलं," म्हातारा म्हणाला. त्याने शेवटचा घाव घातला, अंगावरच्या कपच्या झटकल्या, आणि गेरूची वाटी उचलून त्या ओबडधोबड जागेवर एक लांब वळणदार रेघ ओढली. तिच्या दोन्ही बाजूंना दोन मोठी पाने काढावीत तसे दोन आकार काढले. हैबतीने पाहिले. ती सोंड होती आणि ते कान होते.

"हत्ती तुझ्याकडे दिला होता ना मी?" गुरू म्हणाला. "इथं कोर."

"इथं? सिंहाच्या मानेवर?"

"आयाळ दाट ठेवली आहे. तिच्यात तुला पुरेल एवढा दगड आहे."

आयाळ इतकी दाट कशाला, असे हैबतीला महिनाभर वाटत होते. पण गुरूने ती पहिल्या दिवसापासून हे मनात धरूनच ठेवली होती, की अनेक वर्षांच्या सवयीने दगड थोडा राखून काम केले होते, हे त्याला कधीच कळले नाही. त्याने विचारले तेव्हा म्हातारा म्हणाला, "दगड राखावा माणसानं," आणि खाली उतरून गेला.

पुढचे पंधरा दिवस हैबतीने जे काम केले तसे त्याने आयुष्यात पूर्वी केले नव्हते. लहानपणापासून ज्या निशाणाखाली तो वाढला, ते त्याच्या बोटांना पाठ होते. कपाळाची उंची, डोळ्याखालच्या सुरकुत्या, सोंडेचा पीळ, सारे दगडातून आपण होऊन वर येत होते. पंजाखालच्या गोळ्याला गुरूने चार घाव घालून खडकाचा आकार दिला. आता प्राणी एका कड्यावर उभा असल्यासारखा दिसू लागला. काम रंगात येई तेव्हा हैबती सगळे विसरून जाई. हात थांबला की मात्र त्याला नागोजीराव आठवे. सरदाराने सिंह मागितला होता, आणि सरदाराच्या दारात आता भलतेच काहीतरी उभे राहत होते. पहाऱ्यावरची माणसे मात्र त्या दिवसांत अधिक ताठ उभी राहू लागली होती, आणि शिडी धरायला त्यांच्यात चढाओढ लागत होती.

ठरल्या दिवशी नागोजीराव आला. बरोबर चार मानकरी होते. तो शिळेसमोर उभा राहिला, मान तिरकी करून पाहिले, दोन पावले मागे गेला आणि पुन्हा पाहिले.

"शिल्पीबुवा," नागोजीराव म्हणाला, "आमचा सिंह कुठं गेला?"

"इथंच आहे, सरकार. अंग बघा, पंजे बघा."

"आणि आम्ही हत्ती पायाखाली सांगितला होता."

"होय. तो वर चढला."

मानकऱ्यांतल्या एकाला हसू फुटले आणि ते त्याने खोकल्यात लपवले. नागोजीरावाच्या कपाळाची शीर उभी राहिली. "थट्टा करता? चढवणारा कोण? कुणाला विचारून चढवला?"

म्हातारा हात जोडून उभा होता, पण त्याच्या आवाजात काकुळती नव्हती.

"सरकार, मी पन्नास वर्षं दरवाजे कोरतोय. पायाखाली हत्ती असलेले शरभही पुष्कळ कोरले. त्यांतून मला एक उमगलं. पायाखालचा हत्ती बघणाऱ्याला काय सांगतो? या घरधन्याला शत्रू आहे, आणि त्याच्यावरून नजर काढायची याला सवड नाही, असं सांगतो. पंजा उचलला की तो उठेल, म्हणून पंजा दाबून ठेवलाय. आपल्याला दारावर हे लिहून ठेवायचं असेल तर सांगा, हा पोरगा दोन महिन्यांत दुसरी शिळा करून देईल. पण मी ऐकलं होतं, की आपण लढाई जिंकली. मला वाटलं, शत्रू आता उरला नसेल."

म्हाताऱ्याने हळूच भर घातली, "आणि दुसरं असं, की रात्री आपण झोपता तेव्हा या दाराला अडसर घालतात ती पोरं खोऱ्यातली. रोज त्यांनी मान वर करून काय बघावं, हे आपणच ठरवा."

नागोजीरावाने प्रथमच पहाऱ्यावरच्या माणसांकडे नीट पाहिले. त्यांपैकी कोणाचे नावही त्याला ठाऊक नव्हते, आणि ते ठाऊक नाही हे त्याला त्या क्षणी जाणवले असावे. तो मोठ्या आवाजाचा माणूस होता, पण मूर्ख नव्हता. बराच वेळ त्याने मिशीवरून हात फिरवला. आपण हरलो नाही हे दिसावे म्हणून काहीतरी बोलणे त्याला भाग होते, आणि शेवटी तो ते बोलला.

"पंजे मात्र आणखी मोठे हवेत."

"करतो, सरकार," म्हातारा म्हणाला. "पंजे मोठे करता येतील."

सगळे निघून गेल्यावर गुरुशिष्य परांचीच्या फळीवर पाय सोडून बसले. म्हाताऱ्याने पानाची चंची उघडली आणि आरामात पान जुळवायला घेतले.

"पंधरा वर्षं विचारतोस ना रे," तो म्हणाला, "असं जनावर कुणी बघितलं म्हणून? माझ्या गुरूनं मला जे सांगितलं ते सांगतो. खरं-खोटं त्याचं त्याला ठाऊक. तो म्हणायचा, ही जनावरं रानात जन्मली नाहीत, आणि कुणा कवीच्या स्वप्नातही जन्मली नाहीत. ती तहात जन्मली. दोन घराणी लढून लढून दमली. एकाचा सिंह, दुसऱ्याचा गरुड. कोण कोणाच्या निशाणाखाली उभा राहणार? कुणीच राहीना. मग कुणी शहाण्या माणसानं सिंहाला पंख लावले. दोन भाऊ वाटणीवरून हट्टाला पेटले, एकाच पक्ष्याला दोन डोकी मिळाली. पाण्यावरचे कोळी आणि काठावरचे धनगर एका तळ्यावरून भांडले, आणि तळ्याच्या तोंडाशी मकर बसला. म्हणून हे प्राणी बघायला असे विचित्र. एवढा मोठा मकर, पण त्यात पोहण्याची सोय धड नाही, चालण्याचीही नाही. भांडण मिटवताना कोणाचंच अंग पुरतं राहत नाही. पण जे उरतं त्याच्याखाली दोघांनाही उभं राहता येतं."

त्याने पान तोंडात टाकले. "वाघ कोरला तर एखादा म्हणेल, हा मी आहे. शरभ बघून कुणाला तसं म्हणता येत नाही. फार तर म्हणता येतं, यात मीही आहे."

हैबती ऐकत राहिला. पंधरा वर्षांत पाहिलेली ती सारी विचित्र जनावरे त्याच्या डोळ्यांसमोरून गेली, आणि प्रत्येकाच्या शिवणीवर, जिथे एकाचे अंग संपून दुसऱ्याचे सुरू होते तिथे, त्याला आता माणसे उभी दिसू लागली. उत्तर मिळाल्याचा त्याला फार आनंद झाला. पण तो बापाचा मुलगा होता, त्यामुळे आनंदातही त्याला एक काटा सलला.

"पण बाबा, अंग तर सगळं त्यांच्याच सिंहाचं राहिलं. पंजे त्यांचे, छाती त्यांची. आमच्या वाट्याला नुसतं तोंड आलं."

म्हातारा मोठ्याने हसला. "अरे, हरलात ना तुम्ही! हरलेल्याला तहात सगळं कुठून मिळणार? पण चेहरा मिळाला. माणूस तोंड वर करून आत येऊ शकतो. एवढं पुष्कळ आहे."

दसरा आला. त्या दिवशी खालच्या खोऱ्यातल्या माणसांनी किल्ल्यावर हजेरीला यायचे असे ठरले होते. सकाळी दरवाजाची पूजा झाली, शरभाच्या कपाळाला हळदकुंकू लागले, गळ्यात झेंडूची माळ पडली. नागोजीराव वर सदरेवर बसला होता. खोऱ्यातली माणसे पायऱ्या चढून येऊ लागली. काहींनी वर पाहिले आणि थबकले, काही हसले, एका बाईने सोंडेकडे हात उंचावून तो कपाळाशी नेला. हैबती दाराशी उभा राहून एकेक तोंड निरखत होता, आणि ज्या तोंडाची वाट पाहत होता ते सर्वांत शेवटी आले.

सुभानजी काठी टेकत आला. मुलाकडे त्याने पाहिलेही नाही. तो शिळेसमोर उभा राहिला आणि वर मान करून फार वेळ पाहत राहिला. पंजे पाहिले, पंजाखालचा खडक पाहिला, सोंड पाहिली. मग त्याचे डोळे एका जागी थांबले.

"हा कुणाचा हत्ती?" त्याने विचारले.

"आपला, आबा."

"आपला न्हवं," सुभानजी म्हणाला. "आपल्याचा डावा कान फाटलेला हाय."

हैबतीचा चेहरा उतरला. सुभानजीच्या पणज्याच्या काळी खोऱ्यावर दरड कोसळली होती, आणि तिथल्या हत्तीने सोंडेने दगड बाजूला सारून सात माणसे बाहेर काढली होती. तेव्हा खडकाच्या कपारीत सापडून त्याचा डावा कान फाटला. तेव्हापासून खोऱ्यातल्या बायका प्रत्येक नव्या निशाणावर तो कान फाटकाच शिवत असत. हैबती हे विसरला नव्हता. कान कोरताना त्याचा हात त्या जागी थांबलाही होता. पण जिंकणाऱ्याच्या दारात आपला हत्ती जायचा, तर तो धडधाकट जावा, कोणाला त्याच्यात खोट दिसू नये, असे त्याच्या मनाने घेतले आणि त्याने कान अखंड केला. काम फार सुंदर झाले होते. कानाची चूक पहाऱ्यावरच्या पोरांच्या लक्षातही आली असेल, पण मिळाले तेच खूप म्हणून ती बोलली नसावीत.

"तुमच्या सरकारनं हत्तीचं तोंड लावलं, चांगलं केलं," सुभानजी म्हणाला. "पर ह्ये कुठल्यातरी हत्तीचं हाय. आमच्या हत्तीच्या नावानं म्या त्याला हात जोडणार न्हाई." आणि तो काठी टेकत माघारी वळला.

हैबतीने इकडेतिकडे पाहिले नाही. भिंतीशी टेकवलेली शिडी त्याने लावली, कमरेची बारीक छिन्नी काढली आणि वर चढला. पूजा झालेल्या चिन्हावर, सणाच्या दिवशी, वर सदरेवर धनी बसलेला असताना घाव घालायचा म्हणजे काय हे तिथल्या प्रत्येकाला समजत होते. दाराच्या आत बसलेल्या गुरूने त्याला थांबवायला हात उचलला. तो हात तसाच हवेत राहिला.

हैबतीने झेंडूची माळ एका बाजूला सारली. डाव्या कानाच्या कडेवर छिन्नी धरली आणि तीन घाव घातले. दगडाची एक कपची उडून पायरीवर पडली. कान फाटला. इतक्या देखण्या कामाला खोट आली, आणि ती आल्याबरोबर पहाऱ्यावरचा एक जण अभावितपणे म्हणाला, "आता झाला."

हैबती खाली उतरला. गुरू उठून त्याच्याजवळ आला, शिळेकडे पाहिले आणि हळू आवाजात म्हणाला, "दोन्ही निशाणं एका अंगात कशी बसवायची, एवढंच मला ठाऊक होतं. आपलं म्हणून जे द्यायचं ते त्याच्या जखमेसकट द्यावं लागतं, हे मी तुला शिकवलं नव्हतं."

हैबतीचे तिकडे लक्ष नव्हते. तो बापाकडे पाहत होता. सुभानजी दोन पायऱ्या खाली उतरला होता, तो परत वर आला. त्याने शरभाला हात जोडले. मग मुलाच्या दगडी धुळीने पांढऱ्या झालेल्या हातांकडे पाहिले.

"हजेरी देऊन येतो," तो म्हणाला. "तवर हात धुऊन घे. आपल्याला अंधार पडायच्या आत घरी पोचाया पायजे, तुझ्या आयनं आपल्या दोघांचं रांधलंय."